जीपीएस घड्याळातील कोणत्या आकड्यावर किती विसंबावे

मॅरेथॉन संपवून आलेल्या धावपटूंच्या घोळक्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : मार्ग लांब होता, ४२.१९५ ऐवजी माझ्या घड्याळात ४२.६ किलोमीटर भरले. प्रमाणित शर्यतीचा मार्ग मात्र बहुतेक वेळा बरोबरच असतो. तो मोजण्यासाठी सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे यंत्र लावतात, वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर राखत शक्य तितक्या जवळच्या रेषेवरून सायकल नेतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. धावपटू त्या रेषेवरून धावत नाही. तो वळणे रुंद घेतो, पुढच्याला ओलांडण्यासाठी बाजूला सरकतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, आणि या खऱ्याखुऱ्या जादा अंतरात घड्याळाची स्वतःची चूक मिसळते. दोन्ही मिळून तीन-चारशे मीटरचा फरक पडणे अगदी सामान्य आहे.

घड्याळाच्या पडद्यावर सगळे आकडे सारख्याच ठळकपणे दिसत असले, तरी ते एका प्रतीचे नसतात, हे एकदा लक्षात घेतले की त्याचा वापर कसा करायचा ते ठरवणे सोपे जाते. वेळ हा त्यातला सर्वांत विश्वासार्ह आकडा, आणि त्याबाबत शंका घेण्याचे कारण नाही. अंतर आणि हृदयगती या मोजलेल्या गोष्टी आहेत, पण परिस्थितीनुसार त्या बिघडतात. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते तो आकडा), रिकव्हरीचे म्हणजे सरावातून सावरण्याचे तास, कॅलरी, झोपेचे टप्पे हे सगळे त्या मोजमापांवरून बांधलेले अंदाज आहेत, आणि मूळ मोजमाप चुकले की अंदाजही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो.

अंतर आणि पेस

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि आपली जागा व अचूक वेळ सतत प्रक्षेपित करत असतात. घड्याळ त्या संदेशांना पोहोचायला लागलेला वेळ मोजून स्वतःचे स्थान काढते. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात, कारण तीन परिमाणांखेरीज घड्याळाच्या स्वतःच्या वेळेतली चूकही शोधून काढावी लागते. मे २००० पर्यंत नागरी वापराचा संदेश अमेरिका मुद्दाम गढूळ करत असे. ते बंद झाल्यावरच मनगटावरच्या जीपीएसला अर्थ आला आणि २००३ मध्ये गार्मिन कंपनीची पहिली फोररनर घड्याळे बाजारात आली. आज बहुतेक घड्याळे जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायदू या प्रणालींचे उपग्रहही वापरतात.

मोकळ्या आकाशाखाली चूक काही मीटरचीच असते. उंच इमारती, कडे किंवा दाट झाडी आली की संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि घड्याळाला आपण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहोत असे वाटू लागते. ड्युअल-बँड घड्याळे १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा दुसरा संदेशही घेतात. त्याची सांकेतिक रचना दहापट जलद असल्यामुळे थेट आलेला संदेश आणि परावर्तित संदेश वेगळे ओळखणे सोपे जाते. याचा फायदा खरा आहे, पण तो इमारतींच्या दाटीत आणि दऱ्यांत दिसतो. मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्याने केवळ त्यासाठी घड्याळ बदलण्याची गरज नाही.

ही चूक नेहमी एकाच दिशेने जात नाही. सरळ रस्त्यावर घड्याळाने टिपलेले बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे सांडतात, ते जोडले की नागमोडी रेघ तयार होते आणि अंतर वाढते. वळणावळणाच्या पायवाटेवर उलटे घडते. दोन नोंदींमध्ये घेतलेले वळण घड्याळ सरळ रेषेने कापून टाकते आणि अंतर कमी भरते. म्हणून नोंदींच्या सेटिंगमध्ये दर सेकंदाला नोंद हा पर्याय निवडावा. बॅटरी वाचवण्यासाठी नोंदी विरळ करणाऱ्या पर्यायात डोंगरवाटेचे अंतर हमखास खाल्ले जाते.

पेसची, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेची, गोष्ट अंतराहून नाजूक आहे. ४:१० च्या पेसने धावणारा खेळाडू सेकंदाला ४ मीटर पुढे जातो. त्या सेकंदात स्थान केवळ एक मीटरने चुकले, तर पेस साडेतीन मिनिटांच्या खाली किंवा साडेपाच मिनिटांच्या वर गेल्यासारखा दिसेल. असे वेडेवाकडे आकडे दिसू नयेत म्हणून घड्याळ उपग्रहसंदेशातील कंपनसंख्येच्या बदलावरून वेग काढते, मनगटाच्या हालचालीची जोड देते आणि मागच्या काही सेकंदांची सरासरी करते. परिणामी पडद्यावरचा तात्कालिक पेस तुम्ही काही सेकंदांपूर्वी काय करत होता ते सांगतो. दोनशे मीटरच्या रिपीटमध्ये, म्हणजे विश्रांती घेत पुन्हा पुन्हा धावायच्या वेगवान तुकड्यात, तो स्थिरावेपर्यंत रिपीट संपत आलेला असतो. त्यामुळे मुख्य पडद्यावरून तात्कालिक पेस काढून टाकावा आणि त्या जागी चालू लॅपचा, म्हणजे टप्प्याचा, सरासरी पेस, लॅपची वेळ आणि हृदयगती ठेवावी. छोट्या रिपीटसाठी ट्रॅकवरच्या खुणा आणि स्टॉपवॉच यांच्याइतके विश्वसनीय साधन नाही. बोगद्यात, झाडीत किंवा ट्रेडमिलवरही स्थिर पेस हवा असेल, तर बुटाला लावायचा फूट पॉड हा संवेदक हाच उपाय आहे.

धावायला निघण्यापूर्वी घड्याळ फोनशी सिंक करण्याची सवय लावावी. त्यातून पुढच्या काही दिवसांच्या उपग्रहकक्षांची माहिती घड्याळात उतरते आणि उपग्रह चटकन सापडतात. ही माहिती नसेल, तर घड्याळाला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. एका उपग्रहाच्या कक्षेच्या तपशिलाला सुमारे अर्धे मिनिट लागते, तर सर्व उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटे लागतात. उघड्या आकाशाखाली उभे राहून ‘तयार’ असा संकेत आल्यावरही आणखी अर्धे-एक मिनिट थांबावे, कारण तो संकेत किमान उपग्रह मिळाल्याचा असतो आणि अचूकता त्यानंतर वाढत जाते. पहिला किलोमीटर विचित्र आणि पुढचे सगळे ठीक अशी नोंद दिसली, तर बहुतेक वेळा ही घाईच त्याच्या मुळाशी असते.

घड्याळ पारखायचे असेल, तर एकच मोजलेला मार्ग वेगवेगळ्या दिवशी धावून पाहावा. दर वेळी एक टक्का जास्त दाखवणारे घड्याळ सरावासाठी चांगले, कारण त्याची खोड कळली की ती वजा करता येते. एकदा जास्त आणि एकदा कमी दाखवणारे घड्याळ त्रासदायक.

ट्रॅक आणि शर्यतीचा दिवस

ट्रॅकवर साध्या धावण्याच्या मोडमध्ये जीपीएस सर्वांत वाईट वागते, कारण सतत वळण असते आणि काही मीटरची चूक एका फेरीत वारंवार भर घालते. ट्रॅक मोड असेल तर तो वापरावा आणि लेन क्रमांक नीट द्यावा. पहिल्या लेनची फेरी ४०० मीटरची असते, दुसरीची साधारण ४०७ मीटर आणि आठवीची ४५३ मीटर. सराव मध्येच दुसऱ्या लेनमध्ये हलवला आणि घड्याळाला सांगितले नाही, तर ते जुन्याच लेनचा हिशेब बिनबोभाट करत राहते.

शर्यतीत घड्याळाच्या पेसवर डोळे मिटून विसंबणाऱ्याचे लक्ष्य कसे हुकते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. साडेतीन तासांत मॅरेथॉन संपवायची, तर ४२.१९५ किलोमीटरसाठी दर किलोमीटरला ४ मिनिटे ५८.६ सेकंद लागतात. धावपटू घड्याळात ४:५८ दिसत राहील अशा बेताने धावतो. शेवटी घड्याळात ४२.६ किलोमीटर भरले, तर त्याचा वेळ सुमारे ३ तास ३१ मिनिटे ३५ सेकंद होतो, आणि संपूर्ण शर्यतभर घड्याळ मात्र सगळे वेळापत्रकानुसार चालल्याचे सांगत असते. ४२.६ किलोमीटर गृहीत धरून साडेतीन तास साधायचे, तर घड्याळात ४:५५ किंवा ४:५६ दिसायला हवे.

त्याहून चांगला उपाय असा की ऑटो लॅप बंद करावा आणि रस्त्यावरच्या किलोमीटर फलकांपाशी स्वतः लॅपचे बटण दाबावे. प्रत्येक पाच किलोमीटरला किती वेळ व्हायला हवा ते आधी लिहून काढावे आणि एकूण वेळेशी ताडून पाहावे. घड्याळातला सर्वांत विश्वासार्ह आकडा आणि मार्गावरचे सर्वांत विश्वासार्ह अंतर अशी ही जोडी आहे. मधले एखादे बटण दाबायचे राहिले तरी बिघडत नाही, पुढच्या फलकाला दोन किलोमीटरचा लॅप मिळतो.

नियमांबाबत एक सूचना. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या तांत्रिक नियमांनुसार हृदयगती, वेग आणि अंतर मोजणारी वैयक्तिक साधने शर्यतीत वापरता येतात, पण त्या साधनातून दुसऱ्या कोणाशी संपर्क साधता येता कामा नये. सिमकार्डाची सोय असलेले घड्याळ वापरणाऱ्या स्पर्धात्मक खेळाडूने आयोजकांना आधी विचारून घ्यावे.

हृदयगती : मनगट की छातीचा पट्टा

घड्याळाच्या मागचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते पाहून ठोके मोजतात. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संदेशच पकडतो. शांत बसलेल्या किंवा एका लयीत सावकाश धावणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच उत्तर देतात, आणि हलक्या धावांसाठी पट्ट्याचा व्याप करावा असे मला वाटत नाही. फरक पडतो तो तीव्रता झपाट्याने बदलते तेव्हा, मनगट वाकते तेव्हा आणि थंडीत, कारण थंडीत त्वचेतला रक्तप्रवाहच कमी होतो. सायकलचे हँडल धरलेले असताना, वल्हवताना किंवा वजने उचलताना मनगटावरची नोंद अनेकदा निरुपयोगी ठरते. गडद गोंदणही प्रकाश अडवते.

एक बिघाड नीट ओळखायला शिकावा. सोप्या पेसने, गप्पा मारत धावणे चालू आहे, आणि घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच १३० वरून एकदम १७० वर उडी मारून तिथेच चिकटून बसते. श्वास शांत आहे, पाय हलके आहेत. नंतर आलेख उघडून पाहिला की हृदयगतीची रेघ आणि मिनिटाला पडणाऱ्या पावलांची, म्हणजे केडन्सची, रेघ एकमेकींवर बसलेली दिसतात. सेन्सरने ठोक्यांऐवजी पावलांचा हादरा पकडलेला असतो. याला केडन्स लॉक म्हणतात. धावताना शंका आली, तर थोडे थांबावे, घड्याळ हलवून पुन्हा घट्ट करावे, आकडा खाली आल्यावर पुढे जावे. हा दिवस नोंदीत तसाच राहिला तर घड्याळ तो कठोर सराव समजते आणि पुढचे सगळे अंदाज त्यावर रचते, म्हणून अशा धावेची हृदयगती विचारात घेऊ नये.

मनगटावरची नोंद सुधारण्यासाठी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, कोपराच्या दिशेने बांधावे. ते सरकू नये इतके घट्ट असावे, पण बोटे सुन्न होता कामा नयेत. सुरुवातीला दहा मिनिटे सावकाश धावून हात गरम होऊ द्यावेत. धावून झाल्यावर घड्याळ आणि त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी व पट्टा सैल करावा, कारण पट्ट्याखाली येणारे पुरळ बरेचदा साचलेल्या घामाचे आणि साबणाचे असते. चार्जिंगची टोकेही घामाने गंजतात. छातीचा पट्टा वापरताना त्याचे संवेदक आधी पाण्याने ओले करावेत. कोरड्या पट्ट्यावर घाम येईपर्यंतची पहिली काही मिनिटे भलतेच आकडे येतात.

यानंतरची आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची सेटिंग कमाल हृदयगतीची आहे. घड्याळ सुरुवातीला ती २२० वजा वय अशा सूत्राने धरते. हे सूत्र सरासरीपुरते ठीक आहे, पण एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल हृदयगतीत वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. ज्याची खरी कमाल १९५ आहे आणि घड्याळ १८० धरून बसले आहे, त्याची प्रत्येक मध्यम धाव घड्याळाला अतिकठोर वाटेल. चढावरच्या जोरदार रिपीटच्या किंवा पाच किलोमीटर शर्यतीच्या शेवटी, छातीच्या पट्ट्यावर दिसलेला सर्वोच्च आकडा घड्याळात भरावा. हृदयाचा त्रास असलेल्या किंवा दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या व्यक्तीने असा जोर लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चढ-उतार आणि पाणी

उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते, म्हणून चांगल्या घड्याळांत वायुदाबमापक असतो. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची सुमारे ८ मीटरने बदलल्याचे त्याला वाटते. हवामान पालटले तर एका जागी बसूनही घड्याळ चढत किंवा उतरत राहते. ज्ञात उंचीच्या ठिकाणी ते कॅलिब्रेट करावे आणि दाबाच्या छिद्रात माती अडकू देऊ नये. दोन घड्याळांच्या एकूण चढाईत फरक पडला तर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण लहानसहान चढ मोजायचे की सोडायचे हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते.

पाण्यात जीपीएसचा संदेश शिरत नाही. तलावात घड्याळ हाताच्या हालचालीवरून फेऱ्या मोजते, म्हणून तलावाची लांबी बरोबर भरावी आणि फळी धरून केवळ पाय मारलेल्या फेऱ्या स्वतः नोंदवाव्यात. खुल्या पाण्यात हात बाहेर येतो तेवढ्या क्षणात उपग्रह पकडावे लागतात. काही जण त्यासाठी घड्याळ पोहण्याच्या टोपीखाली ठेवतात आणि त्याने मार्गाची रेघ खरोखरच सुधारते.

अंदाजांचे आकडे

व्हीओटू मॅक्स खरा मोजायचा तर प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून श्वासातला वायू तपासावा लागतो. घड्याळ ठरावीक हृदयगतीला तुम्ही किती वेगाने धावता एवढेच पाहते आणि त्यावरून तर्क करते. उकाडा, समोरचा वारा, वाळू किंवा चिखल यांमुळे त्याच वेगाला ठोके वाढतात आणि घड्याळाला तुमची क्षमता घटल्यासारखी वाटते. चुकीची कमाल हृदयगती भरलेली असेल, तर हा आकडा कायमच सरकलेला राहतो. मित्राच्या आकड्याशी तुलना निरर्थक आहे. स्वतःच्याच आकड्याचा दोन-तीन महिन्यांचा कल, तोही सारख्या हवामानातला, पाहावा.

कॅलरींबाबत अधिक सावध राहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांची हृदयगती पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर आली, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर उपकरणे बदलली आहेत, पण मूळ अडचण तीच आहे : ठोक्यांवरून ऊर्जा काढण्याचे गणित माणसागणिक बदलते. घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी पाहून आहार ठरवू नये.

रिकव्हरीचे तास आणि सरावाचा भार हे आकडे उपयोगी असले, तरी ते प्रामुख्याने हृदयाच्या कष्टावरून काढलेले असतात, आणि इथे धावपटूसाठी खरा धोका आहे. लांब उतार धावताना ठोके कमी राहतात, पण मांड्यांचे स्नायू ताणल्या अवस्थेत ब्रेक लावत असल्यामुळे त्यांची झीज मोठी होते. स्नायुबंध आणि हाडे हृदय-फुप्फुसांपेक्षा सावकाश सरावतात. टाचेवरचा स्नायुबंध रोज सकाळी ठणकत असेल, तरी घड्याळ हिरवा कौल देऊन मोकळे होते, कारण त्याला टाच दिसतच नाही.

रात्री दोन ठोक्यांमधल्या वेळेत होणारा चढउतार, म्हणजे एचआरव्ही, आणि विश्रांतीची हृदयगती यांचा कल आजारपण किंवा साचलेला थकवा कळण्यासाठी चांगला आहे, मात्र घड्याळ रोज रात्री घालावे आणि काही आठवड्यांची पातळी तयार होऊ द्यावी. एका रात्रीच्या आकड्यावरून सराव बदलू नये. झोप एकूण किती झाली हे घड्याळ बऱ्यापैकी सांगते, झोपेचे टप्पे मात्र मनोरंजनापुरते पाहावेत. माझा सल्ला असा की सकाळी उठल्यावर आज कसे वाटते आहे ते आधी स्वतः ठरवावे, वहीत एका शब्दात लिहावे आणि मगच घड्याळाचा कौल उघडावा. क्रम उलटा झाला की कौल वाचूनच थकवा जाणवू लागतो.

नोंदी आणि निवड

जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची ऑनलाइन सेवा काही दिवस बंद पडली. घड्याळे चालू होती, पण ॲपमधून नोंदी पाहणे किंवा पुढे पाठवणे शक्य नव्हते. बहुतेक घड्याळांतील नोंदी ‘फिट’ नावाच्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात. त्यांची प्रत दर काही महिन्यांनी संगणकावर ठेवावी. त्याचबरोबर घराभोवतीचा भाग नकाशावर लपवण्याची सोय सुरू करावी. जानेवारी २०१८ मध्ये धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या सार्वजनिक नकाशावरून लष्करी तळांची रूपरेषा उघड झाली होती. एकट्याने, रोज एकाच वेळी, एकाच दारातून धावायला निघणाऱ्या माणसाचे वेळापत्रक त्याहूनही सहज वाचता येते.

नवे घड्याळ निवडताना बॅटरीचा जाहिरातीतला आकडा कोणत्या मोडचा आहे ते पाहावे. ड्युअल-बँड, पडदा कायम उजळलेला आणि संगीत चालू असताना तो बराच खाली येतो, आणि बॅटरी जुनी होईल तसा आणखी उतरतो. तुमच्या सर्वांत लांब शर्यतीला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट तास अचूक मोडमध्ये मिळत असतील, तर पुरेसे आहे. घामाने ओल्या बोटांना किंवा पावसात टचस्क्रीन दगा देते, म्हणून लॅप आणि थांबवण्याची सोय खऱ्या बटणांवर असावी. इंटरव्हल, म्हणजे वेगवान तुकडे आणि मधली विश्रांती असा सराव, करणाऱ्याने महागड्या घड्याळापेक्षा मध्यम घड्याळ आणि चांगला छातीचा पट्टा अशी जोडी घ्यावी, सायकलस्वाराने पॅडलवरचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरचा आधी विचार करावा, आणि डोंगरवाटांवर धावणाऱ्याने वायुदाबमापक व घड्याळातच दिसणारे नकाशे यांवर तडजोड करू नये.